जोडणे, रोखणे, भरणे

हार्डवेअरच्या दुकानात दुरुस्तीचे सामान घेण्यासाठी आलेला ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतो : "सर्वांत मजबूत चिकटवणारे काय आहे?" दुकानदारही हाताशी असलेली एखादी नळी किंवा डबी पुढे करतो आणि व्यवहार पूर्ण होतो. ग्राहकाचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर देणे अशक्य आहे. वैद्याकडे जाऊन "तुमच्याकडचे सर्वांत जालीम औषध द्या" असे कोणी म्हणत नाही. आपण आधी दुखणे सांगतो, वैद्य नाडी पाहतो आणि मग औषध ठरते. तुटलेल्या, गळणाऱ्या किंवा खड्डा पडलेल्या वस्तूच्या बाबतीत मात्र दुखणे न सांगताच औषध मागण्याची आपली रीत आहे.

वस्तुतः ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांसाठी तीन वेगळ्या क्रिया कराव्या लागतात. दोन भाग एकमेकांना असे जोडायचे की त्यांवर पडणारा भार एकाकडून दुसऱ्याकडे जावा, ही पहिली क्रिया. हे काम करणाऱ्या पदार्थाला शास्त्रीय परिभाषेत 'आसंजक' म्हणतात. बोलताना आपण त्याला चिकटद्रव्य म्हणू. दोन भागांमधल्या फटीतून पाणी, हवा, तेल किंवा धूळ जाऊ नये म्हणून ती रोखणे, ही दुसरी क्रिया. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्याला 'सीलंट' हाच शब्द आता कारागिरांत रुळला आहे. खळगा, खाच किंवा भेग भरून पृष्ठभाग सपाट करणे, ही तिसरी क्रिया. ते काम पुट्टीचे. एका कामासाठी केलेले द्रव्य दुसऱ्या कामाला लावले, की दुरुस्ती फसते. ती लगेच फसली तर नुकसान थोडे होते. काही महिने टिकून, आपला विश्वास बसल्यावर फसली, तर मात्र प्रसंग गंभीर होतो.

आपल्या पूर्वीच्या कारागिरांना हा भेद चांगला ठाऊक होता. त्यांच्या भाषेवरूनच ते दिसते. सुतार लाकूड जोडण्यासाठी सरस वापरी. जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला हा पदार्थ पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर पातळ करावा लागे. कागदाला खळ किंवा डिंक पुरेसा होई. खिडकीच्या चौकटीत काच बसवताना खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेली 'लांबी' लावली जाई. फट बुजवणाऱ्या लेपाला 'लुकण' असा एक सुरेख शब्द मराठीत आहे. तो आज मागे पडला, याची हळहळ वाटते. सुवर्णकार सोन्याच्या पातळ पत्र्याचे पोकळ मणी घडवून त्यांत लाख भरतात. लाखेमुळे मण्याला आकार आणि भरीवपणा मिळतो, तो चेपत नाही. पण साखळीचा ताण लाखेवर यावा अशी रचना कोणताही जाणता सोनार करत नाही. भरणाचे काम कोठे संपते आणि जोडाचे काम कोठे सुरू होते, हे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

आता चिकटद्रव्य चिकटते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. कोणताही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांसारखा असतो. चिकटद्रव्य प्रथम पातळ अवस्थेत या दऱ्यांत शिरले पाहिजे, पृष्ठभागाला सर्वत्र भिडले पाहिजे आणि मग घट्ट झाले पाहिजे. पृष्ठभागावर धूळ, तेल किंवा गंज असेल, तर चिकटद्रव्य त्या थराला चिकटते, वस्तूला नव्हे. आणि थर निघाला की तेही निघते. धातूचा पृष्ठभाग खरोखर स्वच्छ झाला की नाही, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. त्यावर स्वच्छ पाणी सोडावे. पाण्याचा अखंड पापुद्रा पसरला, तर पृष्ठभाग तयार आहे. पाणी आक्रसून त्याचे थेंब झाले, तर तेलाचा अंश शिल्लक आहे असे समजावे, थिनरने पुन्हा पुसावे आणि काचकागदाने घासावे. चाचणीनंतर पृष्ठभाग पूर्ण वाळवायला मात्र विसरू नये. या तयारीला पाच-दहा मिनिटे लागतात आणि नेमकी तीच वाचवण्याकडे लोकांचा कल असतो.

काही पृष्ठभाग कितीही स्वच्छ केले तरी चिकटद्रव्याला जवळ करत नाहीत. घरातील प्लॅस्टिकची बादली फुटली की आपण झटपट चिकटणाऱ्या द्रव्याची छोटी नळी आणतो, भेगेवर ओततो आणि दुसऱ्या दिवशी तो वाळलेला थर नखाने अख्खा निघून येतो. दोष नळीचा नसतो. बादल्या बहुधा पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर पाण्याप्रमाणेच बहुतेक चिकटद्रव्येही नीट पसरत नाहीत. अशी वस्तू उष्णतेने वितळवून सांधणे हाच तिच्यावरचा खरा इलाज. याउलट पाण्याचे पीव्हीसी नळ जोडताना प्लंबर जे सॉल्व्हेंट सिमेंट लावतो, ते नळाचा पृष्ठभागच विरघळवते. दोन्ही मऊ पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर नळ व जोड एकजीव होतात. दोन्ही वस्तूंना आपण 'प्लॅस्टिक' हे एकच नाव देतो. पण एकीचा उपचार दुसरीला चालत नाही.

पृष्ठभागानंतर विचार करायचा तो जोराचा. सांध्यावर जोर कोणत्या दिशेने येणार? एकमेकांवर चिकटवलेल्या दोन पट्ट्या लांबीच्या दिशेने ओढल्या, तर चिकटवलेले सगळे क्षेत्रफळ तो भार वाटून घेते. नीट तयार केलेल्या पोलादी पट्ट्यांमधील चांगल्या इपॉक्सीचा सांधा अशा वेळी दर चौरस सेंटिमीटरला शंभराहून अधिक किलोग्रॅम भार पेलतो. पण तीच पट्टी पातळ असेल आणि एका कोपऱ्यातून सोलून काढली, तर ती थोड्या जोराने निघते. कारण सगळा ताण एका बारीक रेषेवर एकवटतो आणि ती रेषा पुढे पुढे सरकत जाते. वहीवरची चिठ्ठी मधून ओढून निघत नाही, कोपरा धरला की निघते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. म्हणून जाणकार कारागीर टोकाला टोक लावून चिकटवत नाही. तो एक भाग दुसऱ्यावर चढवतो, खाच करतो किंवा मागून पट्टी देतो. बरेचदा सांध्याची रचना बदलल्याने जे साधते, ते महागडी डबी आणल्याने साधत नाही.

जोर किती काळ राहणार, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. तो न विचारल्याने काय घडते, हे अमेरिकेतील बॉस्टन शहरात दिसले. तेथील एका बोगद्यात काँक्रीटच्या जड फरशांचे आतले छत टांगलेले होते. वरच्या स्लॅबमध्ये भोके पाडून, त्यांत इपॉक्सी भरून अँकर बोल्ट बसवले होते आणि छताचा भार त्यांवर होता. १० जुलै २००६ रोजी रात्री या छताचा सुमारे २६ टनांचा भाग खाली जाणाऱ्या एका मोटारीवर कोसळला आणि तिच्यातील एका स्त्रीचा मृत्यू झाला. वाहतूक सुरक्षेची चौकशी करणाऱ्या तेथील राष्ट्रीय मंडळाने २००७ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. वापरलेले इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या प्रकारचे होते. थोड्या वेळापुरते ओढून पाहिले असता ते भरपूर भार पेलत असे. पण भार सतत लटकत राहिला, की ते कणाकणाने ताणले जाई आणि बोल्ट खाली सरकत. या संथ सरकण्याला अभियंते 'क्रीप' म्हणतात. बोगद्याचे बांधकाम चालू असताना, १९९९ मध्येच, काही बोल्ट सरकलेले आढळले होते. ते पुन्हा बसवले गेले, ओढून तपासले गेले. परंतु उत्तीर्ण झालेले बोल्ट नंतर का सरकतात, या प्रश्नाचा छडा लावला गेला नाही. ओढून पाहण्याची चाचणी काही मिनिटांची होती आणि छताला वर्षानुवर्षे लटकायचे होते. डोक्यावर टांगलेली कोणतीही वस्तू केवळ चिकटद्रव्याच्या भरवशावर ठेवताना ही घटना आठवावी.

चिकटद्रव्य घट्ट कसे होते, यावरही त्याची निवड अवलंबून असते. भारतात १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि सरस उकळण्याची सुतारांची कटकट हळूहळू संपली. हा पांढरा पदार्थ पाण्यात विखुरलेल्या पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा असतो. लाकूड त्यातील पाणी शोषून घेते, म्हणून लाकडाला तो उत्तम. दोन धातूच्या पत्र्यांमध्ये तोच लावला, तर पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि तो आत ओलाच राहतो. झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट याच्या उलट वागते. हवेतील व पृष्ठभागावरील किंचित ओलाव्याने ते काही सेकंदांत घट्ट होते. १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हा पदार्थ अमेरिकेतील हॅरी कूव्हर यांच्या हाती लागला होता. पण तो दिसेल त्याला चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. त्याचा गुण लक्षात यायला १९५१ उजाडले. घट्ट बसणाऱ्या लहान तुकड्यांसाठी तो छान. रुंद फट, धक्के आणि सततचे पाणी त्याला सोसत नाही. सुती कापडावर तो सांडला तर भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते, हे वापरणाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावे. नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचे एक द्रव्य तर हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की मगच घट्ट होते. म्हणूनच त्याची बाटली कंपनी काठोकाठ भरत नाही. अर्धी रिकामी बाटली पाहून दुकानदाराशी भांडण्याचे कारण नाही.

दोन नळ्यांत मिळणाऱ्या इपॉक्सीच्या बाबतीत एक गैरसमज दृढ झालेला आहे. "हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर सुकते," असे अनुभवी माणसेही सांगतात. इपॉक्सीत राळ आणि हार्डनर एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात संयोग पावतात. एकाचे प्रमाण वाढवले, तर जास्तीचा भाग संयोगाविना तसाच राहतो आणि सांधा मऊ पडतो. मोटारीच्या पत्र्यावर लावायच्या पॉलिस्टर पुट्टीची गोष्ट वेगळी. तिच्यात हार्डनर केवळ क्रिया सुरू करून देतो, म्हणून तो वजनाच्या दोन-तीन टक्क्यांइतकाच लागतो आणि थंडीत किंचित अधिक घालता येतो. एकाच नावाचे दोन पदार्थ दोन रीतींनी वागतात. गॅरेजमधला नियम सुताराच्या बाकावर लागू केला, की फसगत होते.

प्रमाण बरोबर, द्रव्य बरोबर, तरीही सांधा सुटतो असेही घडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने 'मॉस्किटो' नावाचे लाकडी विमान बनवले होते. त्याचे भाग खिळ्यांपेक्षा चिकटद्रव्यावर अधिक विसंबून जोडलेले होते. १९४४ च्या उत्तरार्धात भारतात व आसपास तैनात असलेल्या या विमानांना अपघात होऊ लागले. पंखांचे वरचे आवरण आतल्या तुळईपासून सुटत असल्याचा संशय आला. प्रथम दोष आला तो दुधातील केसिनपासून केलेल्या चिकटद्रव्यावर. आपल्याकडच्या उष्णतेने व पावसाने ते खराब झाले, असे म्हटले गेले. निर्मात्या कंपनीचे पथक भारतात आले. चिकटद्रव्य नव्हे, तर पावसाळी हवेत आक्रसलेली चौकट अपघातांना जबाबदार आहे, असे त्यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सांगितले. पुढील तपासण्यांनी मात्र बोट कारखान्याकडे दाखवले. पावसाळ्याचे वारेही न लागलेल्या, ब्रिटनमध्येच असलेल्या विमानांतही तसेच सदोष सांधे सापडले. आपल्या हवेवर ठपका ठेवणे सोपे होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. लाकडाचे दोन भाग क्लॅम्पने दाबले गेले नाहीत, त्यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर डबीतले द्रव्य कितीही उत्तम असले तरी तेथे सांधा तयारच होत नाही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

सीलंटकडे वळताना मजबुतीची कल्पना बाजूला ठेवावी लागते. येथे महत्त्व लवचीकपणाला आहे. दीड मीटर उंचीची ॲल्युमिनियमची खिडकी घ्या. हिवाळ्याच्या पहाटे तिचे तापमान १० अंश सेल्सिअस आणि उन्हाळ्याच्या दुपारी ५० अंश असेल, तर चौकट सुमारे १.४ मिलिमीटर वाढते. तेवढीच उंच काच मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. हा फरक दरवर्षी, किंबहुना दररोज थोडाथोडा, सांध्याला सोसावा लागतो. कडक इपॉक्सीने काच बसवली, तर काच तडकेल किंवा सांधा सुटेल. सिलिकोन ताणले जाते आणि परत येते. चांगल्या सीलंटची ही क्षमता फटीच्या रुंदीच्या पंचवीस टक्के धरली, तर २ मिलिमीटर हालणाऱ्या फटीची रुंदी किमान ८ मिलिमीटर हवी. बारीक फटीत दाबून भरलेले सीलंट याच कारणाने फाटते. फट खोल असेल तर तळाशी फोमची गोल दोरी बसवतात आणि वरच सीलंट भरतात, म्हणजे ते फक्त दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटते. तळालाही चिकटले, तर त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही.

गच्चीवरील भेगेचेही असेच. दर पावसाळ्यापूर्वी सिमेंट भरायचे आणि दर पावसाळ्यात गळती पाहायची, हा अनेक घरांतील वार्षिक क्रम आहे. अशी भेग 'जिवंत' असते. उन्हाने ती मिटते व थंडीने उघडते. भेग जिवंत आहे की नाही हे पाहायचे असेल, तर तिच्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांशी पक्की चिकटवून ठेवतात. काही आठवड्यांत पट्टी तडकली, तर भेग हालत आहे. तेथे सीलंटच हवे. न हालणाऱ्या भेगेला सिमेंट किंवा पुट्टी पुरते. आणखी एक गोष्ट : लावताना ज्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडत असते. ते संगमरवर, काँक्रीट, तांबे आणि आरशामागचा मुलामा यांना बाधते. तेथे 'न्यूट्रल' असे लिहिलेले सिलिकोन घ्यावे. शिवाय सिलिकोनवर रंग बसत नाही. ज्या फटीवर पुढे रंग द्यायचा आहे, तेथे ॲक्रिलिक सीलंट निवडणे शहाणपणाचे.

पुट्टीविषयी थोडक्यात सांगता येईल. ती आकार देते, भार घेत नाही. पत्र्यावरचा गंज न खरवडता वर पुट्टी चढवली, तर काही महिन्यांत आतला गंज तिला फुगवून बाहेर काढतो. पुट्टी ओलावा शोषते, म्हणून गंज उलट वेगाने पसरतो. पत्र्याचा खोल पोचा आधी ठोकून वर आणावा आणि पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड करू नये. लाकडाचा भुसा आणि पांढरे चिकटद्रव्य मिसळून सुतार खिळ्यांची भोके भरतो, ते अगदी योग्य. पण बिजागरीचा स्क्रू सैल झाला म्हणून त्याच मिश्रणाने भोक भरून स्क्रू परत पिळला, तर दार पुन्हा लोंबणार. तेथे लाकडाची खुंटी ठोकून, चिकटवून मगच नवे भोक पाडावे लागते.

डबी विकत घेताना तिच्यावरील मजकूर वाचण्याची सवय लावावी. मुदत, मिश्रणाचे प्रमाण, किती मिनिटांत वापरून संपवायचे, पूर्ण घट्ट होण्यास किती तास आणि किती तापमानापर्यंत टिकते, एवढे पाहिले तरी निम्मी निवड होते. 'पाच मिनिटांत पकडते' याचा अर्थ पाच मिनिटांनी भार टाकावा असा नाही. पुरती ताकद यायला बहुधा दिवसभर थांबावे लागते. सामान्य इपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, म्हणून चुलीजवळची, इंजिनावरची वा भर उन्हातल्या पत्र्यावरची दुरुस्ती त्याच्यावर सोपवू नये. द्रावक असलेली द्रव्ये बंद खोलीत किंवा पेटत्या शेगडीजवळ वापरू नयेत, कारण त्यांची वाफ पेट घेते. इपॉक्सी हाताने कालवू नये. काहींच्या त्वचेला त्याची कायमची ॲलर्जी जडते.

काही वस्तू मात्र चिकटवायच्याच नसतात. प्रेशर कुकर, वाहनाच्या ब्रेकची नळी, शिडीची तुटलेली पायरी यांना कोणतीही डबी लावू नये. ते भाग बदलावेत. स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीला चीर दिसली, तर तिच्यावर चिकटपट्टी किंवा सीलंट न लावता सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि वितरकाकडून नवी प्रमाणित नळी बसवून घ्यावी.